टॅक्स कोण भरतो, तक्रार कोण करतो?

(लाखनी येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'शहरी मध्यमवर्गाची नाराजी आणि सरकारचे आर्थिक धोरण'. मी अर्थतज्ज्ञ नाही. मी इंजिनिअर आहे आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे माझ्या रोजच्या ओळखीच्या कागदापासून सुरुवात करतो. तो कागद म्हणजे सॅलरी स्लिप.

तुमच्यापैकी जे नोकरीला लागले आहेत त्यांनी स्लिपवर एक ओळ पाहिली असेल. 'व्यवसाय कर : २०० रुपये'. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. आयकर वाचवायला आपण सीए गाठतो, पण या दोनशे रुपयांविषयी कोणी काही विचारत नाही. हा कर कुठून आला, हे माझ्या ओळखीच्या इंजिनिअरांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ते समजून घेतले तर आजच्या विषयाचे अर्धे उत्तर तिथेच सापडते.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. रस्ते, बंधारे, पाझर तलाव, खडी फोडण्याची कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे या दुष्काळी कामांवर होती. त्याच्या आधी, १९६५ साली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे एक प्रयोग केला होता. मागेल त्याला काम द्यायचे. दुष्काळाने त्या कल्पनेला रेटा दिला आणि रोजगार हमी योजना राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क झाला. पुढे २००५ साली दिल्लीने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्याचा नमुना हाच.

आता प्रश्न असा की पैसा कुठून आणायचा? महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातले नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि ते रोजगार हमीला जायचे. विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवरही थोडा थोडा भार टाकला. जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. थोडक्यात, मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून भंडाऱ्याच्या किंवा बीडच्या मजुराची मजुरी निघायची आणि हे कायद्यात उघडपणे लिहिलेले होते.

शहराने हे निव्वळ दयेपोटी केले असे मी म्हणणार नाही. गावे ओस पडली तर माणसे मुंबईच्या फुटपाथवर येतील ही धास्ती होतीच. आणि जमा झालेला सगळा पैसा रोहयोवर खर्च होत नाही, ही तक्रारही नंतरच्या काळात वारंवार झाली. पण मुद्दा लक्षात घ्या. एकेकाळी या राज्यातल्या शहराने आणि गावाने असा एक करार केला होता, आणि तो निभावलाही होता.

आज तोच नोकरदार वर्ग काय म्हणतो? ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य सतत फिरते: 'आमच्या टॅक्सच्या पैशावर रेवड्या वाटतात.' २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च. दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात पैसे गेले. आपल्या भागात धानाला हेक्टरी २० हजारांचा बोनस मिळाला, दोन हेक्टरच्या मर्यादेत. त्यावरही तेच. 'शेतकऱ्याला बोनस, आम्हाला काय?'

या नाराजीची टिंगल करणे सोपे आहे. मी ती करणार नाही, कारण तिच्यात खरे आहे तेही आहे. पगारदाराचा टॅक्स पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. त्याला एक रुपया लपवता येत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तो नसावाही. पण दोन-तीन एकर धानवाला आणि शेतीच्या नावाखाली दुसरीच कमाई पांढरी करणारा बडा माणूस, दोघेही त्याच सवलतीत बसतात. शिवाय टॅक्स भरून मिळते काय? पाण्याला टँकर, मुलांना खासगी शाळा, आजाराला खासगी दवाखाना. म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे. हिंजवडीत जगातल्या मोठमोठ्या कंपन्या आहेत आणि २०२५ सालीही तिथे कारभार ग्रामपंचायतीचा होता. पावसाळ्यात तीन किलोमीटरला दीड तास लागणारा माणूस चिडणारच.

आणखी एक. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारनेच सांगितले की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. त्यानंतर चित्र असे झाले की व्यक्तींकडून मिळणारा आयकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त भरतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या प्रत्येक रुपयात आयकराचे २२ पैसे आहेत आणि कंपनी कराचे १७. म्हणजे 'आमच्यावरचा भार वाढला' ही ओरड खोटी नाही. फक्त ती ज्याच्याकडे बोट दाखवते तो माणूस चुकीचा आहे. कंपन्यांना सूट मिळाली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कोणी रेवडी हा शब्द वापरला नाही. शेअर वर गेले म्हणून अभिनंदन केले.

आता 'टॅक्स फक्त आम्हीच भरतो' याकडे येऊ. त्याच रुपयात जीएसटीचे १८ पैसे, अबकारीचे ५ आणि सीमाशुल्काचे ४ आहेत. बेरीज २७. हे २७ पैसे सगळा देश भरतो. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे. मोबाइलच्या रिचार्जवर आजही १८ टक्के आहे. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये ४५ रुपयांहून थोडा जास्त कर असतो. माझ्या फोनवर तेवढाच आणि आपल्या मोहल्ल्यात विड्या वळणाऱ्या खालांच्या फोनवरही तेवढाच. मला तो कळत नाही, त्यांना तो जाणवतो. व्यवसाय कराचेही तसेच आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ ने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती १९८८ पासून तिथेच अडकली आहे. त्यामुळे भंडाऱ्याच्या शोरूममध्ये १२ हजारांवर राबणारा मुलगा महिन्याला २०० रुपये देतो आणि दोन लाख पगाराचा पुण्यातला मॅनेजरही २०० च देतो.

आणखी एक हिशेब करू. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्र्यांनी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. १२ लाख कमावणाऱ्याचे वर्षाला ८० हजार रुपये वाचले. लाडक्या बहिणीला वर्षाला मिळतात १८ हजार. चार बहिणींचे वर्षभराचे हप्ते त्या ८० हजारांत बसतात आणि वर ८ हजार उरतात. एक तिजोरी दिल्लीची आहे, दुसरी मुंबईची, हे मला कळते. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत हेही मान्य. पण या सवलतीने केंद्राचा सुमारे एक लाख कोटींचा महसूल गेला. ती सवलत मिळाली तेव्हा आम्ही म्हणालो, 'आमचा हक्क होता.' बहिणीला दीड हजार मिळाले तेव्हा म्हणालो, 'फुकट.'

माझ्या धंद्याचेही बोलायला हवे. सॉफ्टवेअर उद्योग स्वतःच्या अकलेवर उभा राहिला असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. अक्कल होतीच. पण १९९१ पासून सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभे केले आणि निर्यातीच्या नफ्यावर वर्षानुवर्षे आयकर माफ होता. ती माफी ३१ मार्च २०११ पर्यंत चालली. हिंजवडीचा आयटी पार्क एमआयडीसीने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन वसवला. सरकारी कॉलेजात आणि शिष्यवृत्तीवर शिकलेले हजारो इंजिनिअर त्या उद्योगाला आयते मिळाले. हे सगळे योग्यच होते असे मी मानतो. सरकारने एखाद्या उद्योगाला उभे राहीपर्यंत हात द्यावाच. मग धानाचा हमीभाव आणि बोनस हाही हातच आहे. एकाला 'धोरण' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'खैरात', हा शब्दांचा खेळ आहे.

या नाराजीचे पुढे काय होते? याचे एक उदाहरण आपल्या देशाबाहेरचे आहे. थायलंडमध्ये २००१ साली थाकसिन शिनावात निवडून आले. ते स्वतः टेलिकॉममधले अब्जाधीश, त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आणि मनमानीचे आरोप होते, त्यांतले बरेच गंभीर होते. पण त्यांनी एक काम केले. कोणीही नागरिक ३० बाट देऊन दवाखान्यात उपचार घेऊ शकेल अशी योजना आणली. गावातले गरीब त्यांच्यामागे गेले. बँकॉकचा सुशिक्षित वर्ग चिडला: आमच्या पैशाने मते विकत घेतात. पिवळे शर्ट घालून लोक रस्त्यावर उतरले. सप्टेंबर २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्या वर्गाने सैनिकांना फुले दिली. २००८ मध्ये त्या आंदोलनाच्या नेत्यांनी तर संसदेतले ७० टक्के सदस्य निवडून न देता नेमावेत असाच प्रस्ताव मांडला. २०१४ ला पुन्हा लष्कर आले. म्हणजे भ्रष्टाचाराविरुद्धची खरी चीड 'या अडाण्यांना मत का द्यावे' इथे जाऊन पोचली.

पण गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उपचाराची ती योजना लष्करालाही बंद करता आली नाही. उलट २००६ च्या उठावानंतरच्या सरकारने ३० बाट घेणेही थांबवले. कारण तोपर्यंत दवाखाना हा लोकांचा हक्क झाला होता, तो कोणा नेत्याची मेहेरबानी उरला नव्हता. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा याकडे येणार आहे.

'ज्याने टॅक्स भरला त्यानेच बोलावे' ही भाषा आपल्याकडेही ऐकू येते. गंमत अशी की २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या जंगलातल्या माणसाने मुंबई शहरापेक्षा कितीतरी जास्त मतदान केले. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसला. खड्डे, पाणी, कचरा हे सगळे ज्या नगरसेवकाला विचारायचे तो नगरसेवकच नव्हता. तरी त्यासाठी मोठा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. रस्ता महापालिका देत नाही आणि राग लाखनीच्या बहिणीवर निघतो.

आता आपल्याविषयी. ही नाराजी आपल्यापर्यंत येते तेव्हा तिचा रंग थोडा बदलतो. 'हे लोक टॅक्स भरत नाहीत, यांना फुकट खायची सवय आहे.' यातला 'हे लोक' हा शब्द कोणासाठी आहे ते तुम्हाला कळते. कधी तो आपल्यासाठी असतो, कधी दलितांसाठी, कधी आदिवासींसाठी. अशा वेळी आपल्या शिकलेल्या मुलांची पहिली प्रतिक्रिया असते: 'मी पण टॅक्स भरतो!' फॉर्म सोळा काढून दाखवायचेच बाकी राहते.

माझी विनंती आहे, हे उत्तर देऊ नका. ते खोटे आहे म्हणून नव्हे. ते दिले की आपण समोरच्याची अट मान्य केलेली असते. नागरिकाची किंमत त्याच्या आयकरावरून ठरते, ही ती अट. ती मान्य केली तर मी सुटतो, पण पंक्चर काढणारा माझा भाऊ, शिलाई करणारी माझी फुफी, शेजारचा शेतमजूर हे सगळे त्या अटीत नापास होतात. नोकरी लागल्यावर मोहल्ल्यातून सुटून त्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहण्याचा मोह मोठा असतो. घरातला पहिला इंजिनिअर झालेल्या मुलाला तो जास्त असतो. पण ज्या घरातून आपण निघालो त्याच घराला 'फुकटे' म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहायचे का, हे प्रत्येकाने ठरवायचे आहे.

याचा अर्थ प्रत्येक योजनेला टाळ्या वाजवायच्या असा नाही. लाडकी बहीणवर टीका करायलाच हवी, पण ती बहिणीच्या बाजूने उभे राहून. त्या दीड हजारांनी काय होते ते मी लाखनीत पाहिले आहे. औषध येते, पोरीची फी भरली जाते, दुकानदाराची उधारी चुकते, आणि घरात त्या बाईचा आवाज थोडा वाढतो. ही लहान गोष्ट नाही. प्रश्न वेगळा आहे. राज्यावरचे कर्ज २०२५-२६ मध्ये सुमारे ९ लाख ३० हजार कोटींवर जाईल असे सरकारच सांगते. पैसा कमी पडला की तो कुठून काढला जातो? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर तक्रार केली की त्यांच्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवला. ते खाते वसतिगृहे चालवते, शिष्यवृत्त्या देते. म्हणजे बहिणीच्या एका हातात दिले आणि तिच्या मुलाच्या हातातून काढले. शहरातली नाराजी हे विचारत नाही. तिला 'दिले' एवढेच दिसते.

आणि काही गोष्टी दीड हजारांत विकत मिळतच नाहीत. ९ जानेवारी २०२१ ची पहाट या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. सरकारी रुग्णालयाच्या त्या कक्षात कोणाची बाळे असतात हे तुम्हाला सांगायला नको. नागपूरच्या खासगी दवाखान्याचे बिल ज्यांना झेपत नाही त्यांची. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. पण आधी का नाही? माझे उत्तर असे की ज्या वर्गाची तक्रार मंत्रालयात ऐकली जाते तो वर्ग त्या रुग्णालयात जात नाही. त्याची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत, तो एसटीने फिरत नाही. तो टॅक्स भरतो आणि सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडतो. मग ती व्यवस्था ढासळते. मग तो म्हणतो, टॅक्स भरून मिळते काय? आणि सरकार गरिबाला म्हणते, दवाखाना नाही देता येत, हे घे दीड हजार. दोघेही फसतात. शहराची नाराजी आणि गावाची गरज दोन्ही त्याच मोडक्या दवाखान्यापाशी येऊन थांबतात.

म्हणून थायलंडची गोष्ट सांगितली. पैसे खात्यात आले की ते देणाऱ्याचे नाव होते आणि निवडणूक संपली की यादीतून नावे गळायला लागतात. चांगला दवाखाना, वेळेवर धानाचे चुकारे, मागितल्यावर काम, चालू असलेले वसतिगृह, या गोष्टी हक्क होऊ शकतात. पागेंच्या योजनेत आणि आजच्या हप्त्यात हाच फरक आहे. तिथे मजूर काम मागायला जायचा आणि ते देणे सरकारवर बंधनकारक होते. इथे आपण हप्ता कधी पडेल म्हणून फोनकडे बघत बसतो.

आता काय करायचे? मोठे काही सांगत नाही. तुमच्यात कॉम्प्युटर शिकणारी पंधरा-वीस मुले-मुली आहेत. राज्य सरकारच्या खर्चाची माहिती बीम्स नावाच्या प्रणालीवर आहे. कोणत्या खात्याला किती तरतूद झाली, त्यातले किती प्रत्यक्ष सोडले, ते तिथे दिसते. त्यातली आपल्या उपयोगाची माहिती काढून साध्या मराठीत एका पानावर मांडणे हे आठवड्याचे काम आहे. दोघे-तिघे जण घ्या, कोड लिहायला मी सोबत बसतो. पुण्यातल्या मित्रांशी वाद घालायला ते पान आपल्या भाषणांपेक्षा जास्त कामाला येईल.

दुसरे, आजच करण्यासारखे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. मी एक मसुदा लिहून आणला आहे. त्यात जिल्हा रुग्णालयाला आणि लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयाला चार प्रश्न आहेत. शेवटचे फायर ऑडिट कोणत्या तारखेला झाले? त्यात कोणत्या त्रुटी दाखवल्या? त्यांतल्या किती दूर केल्या? उरलेल्यांसाठी किती पैसे मागितले आणि किती मिळाले? मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. अर्ज करणाऱ्याने नाव-पत्ता नीट लिहावा, पोच घ्यावी आणि ३० दिवस मोजावेत. उत्तर आले की पुन्हा इथेच बसू.